माहूरचे चार रोज

रंगूबाई लग्न होऊन रिठदला आली तेव्हा तिला दिवेलागणीनंतर दिसत नाही, हे माहेरच्यांनी सासरी सांगितलं नव्हतं. मुद्दाम लपवलं असंही नाही. पोरीला शेवग्याचा पाला खाऊ घातला की रातांधळेपण जातं, असं त्या भाबड्या माणसांना खरंच वाटत होतं. ते गेलं नाही. सासरी आल्यावर तिनं ते आपल्या शहाणपणानं झाकलं. दिवस मावळायच्या आत चुलीपाशी बसायचं आणि उजाडेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, एवढं जपलं की निभून जायचं.

पुढे मात्र भर उन्हातही तिचं चुकू लागलं. समोरच्या माणसाचे नाक-डोळे स्वच्छ दिसायचे आणि त्याच्या पायाशी ठेवलेली घागर दिसायची नाही. खळ्यात चालताना ती उभ्या बैलाला धडकली. एकदा पंगतीत वाढताना पाहुण्याच्या पानाऐवजी त्याच्या मांडीवर वरण पडलं. थोरली जाऊ गोजराबाई कावायची, "हिचं ध्यान कुठी राह्यते काय मालूम!" रंगूबाई निमूट ऐकून घ्यायची. आपलं ध्यान कुठं जातं हे तिलाही उमगत नव्हतं.

उमगलं ते तिच्या नवऱ्याला. दौलतराव हा गोजराबाईच्या नवऱ्याचा, जानरावाचा, धाकटा भाऊ. दोघा भावांची शेती एकत्र, चूल एकत्र. जानराव बोलणारा, गावकीत बसणारा. दौलतराव दिवसभरात चार वाक्यं बोलला तर खूप, पण त्याची नजर मोठी बारीक. एक दिवस शेतात भाकर खाऊन झाल्यावर त्यानं बायकोला समोर बसवलं आणि ज्वारीचा एक धांडा हातात घेतला.

"माया नाकाकडे पाह्य. डोळा हालवू नको." त्यानं धांडा तिच्या कानाच्या बाजूनं हळूहळू पुढे आणला. "दिसला का?"

"नाई."

"आता?"

"नाई."

धांडा गालाजवळ आला, भुवईजवळ आला. अगदी नाकासमोर आला तेव्हा रंगूबाई म्हणाली, "हा काय, धांडा."

दुसऱ्या बाजूनंही तसंच झालं. दौलतरावानं धांडा बाजूला ठेवला आणि भाकरीचं फडकं गुंडाळलं. रंगूबाईनं विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काई नाई. उद्या वाशीमले जाऊ."

वाशीमच्या दवाखान्यातले डॉक्टर वयस्कर होते आणि त्यांनी उगीच आशा लावली नाही. नजर कडेनं मिटत चालली आहे, ते म्हणाले, दाराची फट हळूहळू लहान व्हावी तशी. यावर औषध नाही. वर्ष, फार तर दीड वर्ष. बाई तिशीचीच आहे, घरात सांभाळून घ्या. ही एकोणीसशे सतराच्या सालातल्या हिवाळ्याची गोष्ट. त्यांची एकुलती पोर चतुरा तेव्हा नऊ वर्षांची होती.

परतताना अर्धी वाट सरली. बैलांकडे पाहतच दौलतरावानं विचारलं, "तुले काय पाहाची इच्छा हाय?"

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. तुझी इच्छा काय, असं या बाईला आजवर कुणी विचारलं नव्हतं. उत्तर मात्र तिच्यापाशी तयार होतं. "देव पाहाचे हायेत," ती म्हणाली.

"वाशीमच्या बालाजीले तं आपुन गेलो होतो ना लग्न झाल्यावर?"

"गेलो होतो. पन मी पाह्यला नाई. मले हार दिसला, मंग एक डोळा दिसला, तेवढ्यात मांगून धक्का आला. घरी येऊन सांगतलं का दर्शन झालं."

दौलतरावाला तिचं म्हणणं बरोबर कळलं. इतर माणूस देवापुढं क्षणभर उभा राहिला तरी मूर्ती नखशिखांत त्याच्या डोळ्यांत उतरते. रंगूबाईला ती तुकड्यातुकड्यानं गोळा करावी लागायची. हात पाहून झाला की मनगट, मनगट झालं की खांदा. तिला देव दाखवायचा तर आधी वेळ मिळवायला हवा होता.

मग त्या अबोल माणसानं गावोगाव विचारपूस मांडली. बाजाराला जवळच्या मालेगावला गेला की तिथल्या पूनमचंद शेठच्या दुकानाच्या पायरीवर बसायचा. शेठ जैन, शिरपूरच्या पारसनाथाला वरचेवर जाणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दौलतराव, जत्रेच्या दिवशी देवच मानसाले पाहून घेते, मानसाले देव दिसत नाही. सनवार सोडून या. दुपारी मंदिर मोकळं राह्यते. मी सोबत येतो, निवांत बसा." वाशीमच्या पुजाऱ्याला दौलतराव स्वतः जाऊन भेटला. लोणारला जाऊन आलेल्या माणसांना त्यानं दोन दोनदा विचारलं, देवळाच्या कोणत्या भिंतीवर सकाळी ऊन पडतं आणि कोणत्या भिंतीवर दुपारी. सावलीतलं कोरीव काम तिला दिसणार नव्हतं.

त्याचा हिशोब असा ठरला: वाशीमला एक पुरा दिवस, शिरपूरला एक, लोणारला दोन, आणि माहूरला चार. माहूरची रेणुका ही रंगूबाईच्या माहेरची कुलदेवी. आईच्या तोंडून तिनं ती शंभरदा ऐकली होती, पण माहूर पडलं पैनगंगेपलीकडे निजामाच्या मोगलाईत, दूर डोंगरात. माहेरून कुणी तिला नेलं नव्हतं. म्हणून चार रोज.

"चार रोज एकाच देवीपुढं?" जानरावाला हसू आलं. "अरे, लोकं एका दिवसात तीन देव करतात."

"करू दे," दौलतराव म्हणाला.

फाल्गुनात रब्बी घरात आली, चतुराला गोजराबाईच्या हवाली केलं आणि दोघं दमणीत बसून निघाले. दशम्या, ठेचा, बैलांचा कडबा, पाण्याची घागर. रंगूबाईच्या सगळ्या आयुष्यात सुखाचे म्हणावेत असे ते दहा-बारा दिवस.

वाशीमला पुजाऱ्यानं शब्द पाळला. बुधवारची दुपार, देवळात चिटपाखरू नाही. रंगूबाई बालाजीपुढं बसली ती उन्हं कलेपर्यंत. शिरपूरला पूनमचंद शेठ आधीच येऊन थांबले होते. पायऱ्या उतरून भुयारातल्या मूर्तीपुढं त्यांनी दिवा जवळ धरायला लावला. रंगूबाईनं मांडी पाहिली, मग छाती, मग मुख, आणि शेवटी डोक्यावरचा नागफणा. तो दिसला तेव्हा ती "अगं बाई!" असं मोठ्यानं बोलून गेली. शेठ हसले, दौलतरावही हसला.

लोणारला मात्र हिशोब चुकला. दैत्यसूदनाच्या देवळाच्या भिंती म्हणजे नुसती मूर्तींची दाटी. रंगूबाई भिंतीला नाक लावून उभी राहायची आणि कुठून सुरुवात करावी तेच तिला कळायचं नाही. एक मूर्ती सोडून नजर सरकली की ती मूर्ती पुन्हा सापडायची नाही. मग दौलतरावानं एक काडी घेतली. "इथं पाय हाय. आता वर ये. हे पैंजन. आता कंबर. थांब, डाव्या बाजूले हात हाय, त्यात फूल." काडी पुढे आणि तिची नजर मागे. कधी कधी तो तिची हनुवटी धरून तोंड हलकेच वळवायचा. चारचौघांत बायकोच्या हनुवटीला हात लावणारा बाप्या तिथल्या लोकांनी पाहिला नव्हता. पाण्याला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. रंगूबाई लाजून म्हणायची, "सोडा नं, लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. तू तिकडं पाह्य."

दोन दिवसांचे चार दिवस झाले. चौथ्या दिवशी ती देवळाची शेवटची भिंत पाहून संपली. निघताना त्यानं तिला सरोवराच्या काठावर नेलं. ते एवढं मोठं पाणी तिच्या फटीत कसं मावणार? तिला हिरव्या पाण्याचा एक ठिपका दिसला, बाकी नवऱ्यानं सांगितलं.

आता माहूर. पण चैत्र तोंडावर आला होता. माहूरला यात्रेची गर्दी उसळणार, वाट लांबची, आणि इकडे शेतात वखरणी खोळंबलेली. दौलतरावानं गाडीच्या साटीवर बसून बराच विचार केला.

"माहूरले घाई नाई कराची," तो म्हणाला. "आता गेलो तं एक रोजात हाकलून देतीन. दसरा-कोजागिरीची गर्दी सरू दे. कार्तिकात जाऊ. चार रोज म्हंजे चार रोज."

रंगूबाईच्या अगदी ओठावर आलं होतं की आताच चला, एक रोज मिळाला तरी चालंल. पण एवढं सगळं या माणसानं आपल्यासाठी केलं, त्यात आणखी हट्ट कसा करायचा? ती "बरं" म्हणाली. बैल रिठदकडे वळले.

त्या साली पाऊस मृगात पडला आणि नंतर जो दडला तो दडलाच. पिकं करपली. आणि आश्विनात मानमोडीची साथ आली. सकाळी शेतात गेलेला माणूस दुपारी अंगातल्या कणकणीनं घरी यायचा आणि तिसऱ्या दिवशी त्याला उचलायचे. घरटी एक-दोन माणसं गेली. खांदा द्यायला चौघं मिळेनात, जाळायला लाकडं पुरेनात. जानरावाच्या घरात चतुरा पडली, ती उठली. गोजराबाई पडली, तीही उठली. मग दौलतराव पडला.

रंगूबाई तीन दिवस त्याच्या उशाशी होती. तापात तो गाडीचे मुक्काम मोजायचा. "वाशीम... अनसिंग... पुसदले दोन रोज थांबू, बैल थकतीन..." ती कपाळावरची ओली घडी बदलायची आणि त्याचं तोंड पाहायची. ओठ पाहिले तर डोळे दिसायचे नाहीत, डोळे पाहिले तर ओठ. लोणारला हनुवटी वळवून देणारा हात आता तिच्याच हातात निपचित पडला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा श्वास थांबला, तेव्हा ती त्याच्या कानाजवळचा एक पांढरा केस पाहत होती. थांबलेलं तिला चतुरानं सांगितलं.

डॉक्टरांनी वर्ष-दीड वर्ष म्हटलं होतं. नजर टिकली जवळजवळ चार वर्षं. खरं दुःख हेच होतं. नवरा गेल्यावर लगेच अंधार झाला असता तर रंगूबाईनं ते दैवावर टाकलं असतं. पण आणखी दोन कार्तिक आले, दोन्ही कार्तिकांत तिला रुपयाएवढं दिसत होतं, आणि तिला माहूरला कुणी नेलं नाही. जानराव वाईट माणूस नव्हता. भावाच्या बायको-पोरीला त्यानं पोटभर घातलं. पण तो तिचा भासरा. पदर ओढून बाजूला व्हायचं, थेट बोलायची सोय नाही. रंगूबाईनं एकदा गोजराबाईकडून निरोप पोचवला. जानराव म्हणाला, "अवंदा दुष्काळाचं निस्तरू दे. पुढच्या वर्साले पाहू." पुढच्या वर्षी तिनं निरोपच धाडला नाही. विधवा बाईनं देवाच्या वाटेसाठी किती वेळा तोंड वेंगाडायचं?

रुपयाएवढं होतं ते आणेलीएवढं झालं, मग सुईच्या नेढ्याएवढं. एकवीसच्या सालच्या पोळ्याला तिनं चतुराला समोर बसवून तिचं तोंड पाहून घेतलं. दिवाळीला पणत्या लागल्या आणि तिनं विचारलं, "लावल्या का?"

आंधळेपणातही ती बसून राहिली नाही. दळायची, तूर सोलायची, वाती वळायची. चतुराचं लग्न किन्हीराजाच्या जगदेवाशी झालं, तिला मुलं झाली, जानराव म्हातारा झाला. अडतीसच्या हिवाळ्यात गावातल्या रामधननं मोटारलॉरी ठरवली. रामधन हा मोठा खटपट्या माणूस. "दोन दिवसात माहूरचे तीनही डोंगर!" असं तो गावभर सांगत फिरला. चतुराला कळलं तशी ती किन्हीराजाहून आली आणि म्हणाली, "आई, चाल. मी हात धरतो तुया."

"आता काय पाहू मी?"

"मी पाह्यतो, तुले सांगतो."

रंगूबाई पन्नाशीची झाली होती. ती लॉरीत बसली. दुसऱ्या दिवशी पैनगंगेच्या वाळूत लॉरी रुतली आणि ती ढकलून काढण्यात सकाळ गेली. माहूरला पोचायला दुपार झाली. रामधन घाबराघुबरा होऊन ओरडू लागला, "आधी दत्तशिखर, मंग अनसूया, मंग रेणुका! पाय उचला! दिवसा उजेडी नदी पार कराची हाय!" रंगूबाईला तीन डोंगर झेपणार नव्हते. माय-लेकी रेणुकेच्याच पायऱ्यांशी उतरल्या आणि चढू लागल्या. एकेक पायरी चाचपत, दर दहा पायऱ्यांवर थांबत. वर पोचल्या तेव्हा उरलेली मंडळीही धापा टाकत येऊन रांगेत घुसली होती.

गाभाऱ्यात तांबुलाचा आणि उदाचा वास दाटला होता. उंबऱ्याला रंगूबाईचा पाय अडला, चतुरानं सावरलं. मागून रेटा आला. कुणीतरी म्हणालं, "चला, चला, पुढं सरका." रंगूबाईनं हात जोडले. तिच्या तळव्यावर तांबुलाची चिमूट पडली. आणि त्या बाहेर होत्या.

बाहेर दगडावर बसून रंगूबाईनं दम घेतला. मग विचारलं, "सांग."

"काय सांगू?"

"देवीचे डोये कसे हायेत?"

चतुरा हमसून रडायला लागली. "मी पाह्यलंच नाई वं, आई. तू पडशीन म्हनून मी तुया पायाकडे पाहून राह्यली होती."

खालून लॉरीचा भोंगा वाजत होता. रंगूबाईनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नको. चाल, ते खोळंबले."

त्यानंतर तिच्या वागण्यात एक गोष्ट नवी आली. गावातलं कुणी देवाला निघालं असं कानावर आलं की ती निरोप पाठवून त्याला बोलवायची. कुठं जाता, किती रोज धरले, तिथं कोणत्या वेळी पोचता, सोबत म्हातारं माणूस हाय का, असं बारकाईनं विचारायची. वाशीमला दुपारी जा, लोणारला पश्चिमेची भिंत सकाळी पाहू नका, एका दिवसात दोन गावं करू नका. लोक आधी हसले. मग ज्यांनी ऐकलं ते येऊन सांगू लागले की बाई म्हणाली तसंच होतं. हळूहळू रिठदमध्ये रीतच पडली, देवाला निघायच्या आधी रंगूबाईला विचारायचं. रामधनही पुढच्या खेपेला येऊन ओशाळून बसला. त्याला ती एवढंच म्हणाली, "रोज मोकळे धर बापू. पन धरून ठेवू नको, याच वर्साले जा."

चतुराच्या मनातून मात्र तो दगड आणि तो प्रश्न हलला नाही. दोन वर्षांनी, पिकं निघाल्यावर, तिनं नवऱ्याला गाडी जुंपायला लावली. जगदेवानं काहून म्हणून विचारलं नाही. दोघं बैलगाडीनं माहूरला गेले आणि चार रोज राहिले. सकाळी, दुपारी, सांजआरतीला चतुरा देवीपुढं बसायची. परतताना किन्हीराजाला न जाता गाडी सरळ रिठदला आणली.

रंगूबाई ओसरीवर तूर पाखडत होती. चतुरा हातपायही न धुता तिच्यापुढं बसली आणि सांगू लागली. आधी शेंदराचा रंग कसा, उन्हात कसा आणि दिव्यात कसा. मग कपाळ, मग भुवया, मग डोळे किती मोठे आणि त्यांत कोणता भाव, मग नथ, मग मुखातला विडा. रंगूबाई मधेच म्हणायची, "थांब. नाकाजवळ थांब. आता वर जाय." दुपार सरली. गोजराबाई दारात येऊन उभी राहिली, तिनंही ऐकलं.

सांगून संपलं. रंगूबाईनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

"चांगलं पाह्यलं तू," ती म्हणाली. मग सुपातली तूर बोटांनी चाळत, बावीस वर्षांत कुणाजवळ न काढलेला शब्द तिनं काढला. "लोणारहून गाडी तशीच माहूरले न्या म्हनून मी बोलाले पाह्यजे होतं. एक रोज मिळाला असता, दोन मिळाले असते. ते नाई म्हनले नसते. मी बोललीच नाई."

चतुरानं आईचा हात धरला. रंगूबाईनं पदरानं डोळे पुसले. त्या डोळ्यांना आता तेवढंच काम उरलं होतं.

अंगणात जगदेव बैल सोडत होता, त्यांच्या घुंगरांचा आवाज आला. "जवाई उपाशी असतीन," रंगूबाई म्हणाली. "जाय, भाकरी टाक."